भिंतीकडच्या कुंड्या

शिवणकाम करणाऱ्या काकू नवऱ्याच्या ऑपरेशनपायी ऐन उन्हाळ्यात महिनाभर हॉस्पिटलातच अडकल्या. नवरा सुखरूप घरी आला, यातच त्यांना सगळं मिळालं होतं. परसातल्या कुंड्यांवर त्यांनी केव्हाच पाणी सोडलं होतं.

मागचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यावरच थबकल्या. दाराजवळच्या वांग्यांच्या तेवढ्या वाळून काड्या झाल्या होत्या. पण पलीकडे, भिंतीच्या कडेला टोमॅटो लगडले होते, मिरच्या पिकून लाल झाल्या होत्या आणि पुदिना तर कुंडीत मावत नव्हता.

भिंतीपल्याडच्या शेजाऱ्यांशी लिंबाच्या एका फांदीवरून बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

काकूंनी ओंजळभर टोमॅटो तोडून भिंतीवर ठेवले. पलीकडे शेजारी पाइप गुंडाळत होते.

"भाऊजी," काकू कशाबशा म्हणाल्या.

शेजाऱ्यांनी मान वर केली नाही.

"वांगी नाही वाचली, वहिनी. रोज अंगठा दाबून धार मारायचो, पण तिथवर पोचतच नव्हती."