मामाचा नंबर

ताईने पिशवीतून औषधाचे चार डबे काढले आणि काउंटरवर एकावर एक रचले. चारही सीलबंद. आठवड्यासाठी आणलेल्या पाच डब्यांतला पहिलाच अर्ध्यावर असताना भाऊजी गेले होते.

"परत घेता ना हो?" तिने विचारलं. "एका डब्याच्या पैशांत महिन्याचा किराणा येतो."

"सील शाबूत आहे ना, मग घेतो," काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

तिचा भाऊ दोन पावलं मागे, खोकल्याच्या औषधांच्या मांडणीपाशी उभा होता. मी एकटा देऊन येतो, तू कशाला दगदग करतेस, असं त्याने येताना दहादा सांगून पाहिलं होतं. ताईने ऐकलं नाही. "चार महिने तूच पळालास. आता एक खेप मला करू दे."

घरात त्याला सगळे पॉइंटमामा म्हणत. भाच्यांनी पाडलेलं नाव. कोणी बूट घेवो, फ्रिज घेवो, पैसे ज्याचे त्याचे. बिलावर फोन नंबर मात्र मामाचा. दुकानादुकानांतले पॉइंट गोळा करायचे आणि भाव चढला की विमान कंपनीच्या मैलांत बदलून घ्यायचे, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "मामाला फुकट ते पौष्टिक," म्हणून भाचरं हसत, तोही हसे. पुढच्या आठवड्यात तो आणि बायको त्याच मैलांवर विमानाने मुलाकडे निघाले होते, तेही पाय लांब करून बसता येईल अशा जागेवर. ताईच म्हणाली होती, "जाऊन ये. राबलास फार."

बाईंनी डबे मशीनसमोर धरले, पडद्याकडे पाहिलं आणि मान उंचावली. "अहो सर, तुम्ही! मागे काय उभे राहिलात लपून? या ना पुढे."

तो पुढे आला.

"एक अडचण आहे सर. माल परत आला की त्यावरचे पॉइंटही परत घ्यावे लागतात. तुमच्या खात्यात तर काहीच नाही. सगळे मैलांत बदललेत."

"मी भरतो," तो घाईघाईने पाकीट काढत म्हणाला. "किती होतात ते सांगा. तिचे कापू नका."

ताईने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि चक्क हसली. "ह्यांच्या औषधावरही घेत होतास? धन्य आहे रे बाबा तुझी! असो. कोणाच्या तरी कामी आलं."

त्याच्या जिवात जीव आला. एवढ्यावर भागलं, असं त्याला वाटलं. आणि भागलंही असतं. पण बाईंना आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची तारीफ केल्याशिवाय राहवेना.

"सरांसारखं धोरणी माणूस नाही मॅडम. लोक हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच घेऊन टाकतात. हेच डबे, हीच किंमत, पण तिथे एक पॉइंट नाही. सर दर बुधवारी एवढ्या लांब यायचे. बुधवारी आमच्याकडे तिप्पट असतात ना."

"खाली मिळतात हे?" ताईने विचारलं.

"म्हणजे काय! कधीही जा."

पहिल्या खेपेला खाली खरंच संपले होते. "खाली नाहीत ताई, शोधायला लागतील," हे वाक्य त्या दिवसापुरतं खरं होतं. पुढे त्याने तेच वाक्य चार महिने वापरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगायची, "माझा भाऊ गावभर वणवण करतो, तेव्हा कुठे डबा मिळतो." तो शेजारी उभा राहून, कसचं कसचं, अशा चेहऱ्याने ऐकायचा.

ताईने वरच्या डब्यावर हात ठेवला. ती डब्याशीच बोलल्यासारखी बोलली. "मंगळवारी गोळ्या संपत आल्या की मी सुरीने गोळी अर्धी करायची. बुधवारपर्यंत पुरवायची म्हणून. हे म्हणायचे, अर्धीने काही होत नाही गं. मी म्हणायची, कळ काढा, तो तुमच्यासाठीच फिरतोय."

बाईंचा हात कळफलकावर थांबला. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळलं, काय ते कळलं नाही.

"ताई..." तो म्हणाला. तो खोकल्याच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचू लागला. मोठ्यांसाठी दोन चमचे, लहानांसाठी एक.

बाईंनी परताव्याचे पैसे पुढे केले. ताईने ते न मोजता पर्समध्ये कोंबले, चेन ओढली, पुन्हा उघडली.

"एक डोकेदुखीचं पाकीट द्या."

बाईंनी पाकीट काढलं आणि तोंडात बसलेला प्रश्न निघून गेला, "नंबर?"

ताईने नंबर सांगितला. घरातल्या प्रत्येकाला पाठ होता तोच. दहाही आकडे, एकेक सुटा, शाळेतलं मूल सांगतं तसा.

"ताई, राहू दे ना," तो पुटपुटला.

"असू दे," ती बाईंना म्हणाली. "त्याला लागतात."

तिने पाकीट उचललं आणि दाराकडे निघाली. त्याच्या शर्टाच्या खिशात, छातीपाशी, फोन एकदा थरथरला.