तीन धारा

डोंगरातल्या महागड्या हॉटेलच्या दारात आपली मडकी टांगलेली बघून तातोबा कुंभार सुखावला. मग प्रत्येक मडक्याला ड्रिलनं पाडलेली तीन भोकं दिसली, त्यांतून गळणाऱ्या पाण्याच्या तीन धारा दिसल्या आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

“पाहुण्यांच्या पाण्यासाठी नेली व्हती न्हवं ही?”

“काका, ही कलाकृती आहे,” शहरातली डिझायनर बाई म्हणाली. “माती आणि पाणी. पाहुणे या धारा बघतच आत येणार.”

“असलं गळकं मडकं मसणात फोडत्यात, बाई!”

“खेड्यातल्या समजुती राहू द्या हो. दिसतंय किती सुंदर!”

तातोबानं एक भरलेलं मडकं सोडवलं, खांद्यावर घेतलं आणि तिच्याभोवती चालू लागला. एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला अंगण झाडणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. बाईचं हसू मावळलं.

“अहो, हे काय चाललंय?”

त्यानं मडकं खांद्यावरून मागं सोडून दिलं. खापऱ्या तिच्या पायापर्यंत उडाल्या. मागं वळून न बघता तो फाटकाबाहेर पडला आणि तसाच ओढ्यावर अंघोळीला गेला.