वाटी रिकामी होईपर्यंत

डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र नवऱ्याच्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्यावर टेकवलं, तशी शेवंता जीव मुठीत धरून पडद्याकडे बघायला लागली. सांध्यात पांढरी रेघ चमकत होती.

"हे सगळं युरिक ॲसिड साचलंय. हाडही कुरतडलंय आता," डॉक्टर वैतागले. "काका, पायाचं सूप बंद करा म्हणून गेल्याच वर्षी बजावलं होतं ना?"

शेवंता नवऱ्याकडे वळली. यांचा पाय दुखतो म्हणून तीच तर रोज पहाटे उठून बकऱ्याचे पाय शिजवायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहायची.

"अहो, मग मला बोलला का नाहीत? पीत कशाला राहिलात?"

अंगठ्यावरचं जेल पुसत तो हळूच म्हणाला, "आपलं लेकरू गेलं, तेव्हापासून तू तेवढ्यापुरतीच माझ्याजवळ बसतेस."