न थांबणारा कॅमेरा

दफनभूमीत शवपेटीचं झाकण शेवटचं उघडलं, तेव्हा रेनांते आईकडे बघत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडे बघत होता. ठिपका होता म्हणजे चित्रीकरण चालू होतं. बाकी त्याला काही जाणवत नव्हतं. फिलिपिन्समधल्या इलोइलोचं ऊन नाही, पायाखालचा चिखल नाही, आई गेल्याचंही नाही. आत सगळं बधिर होतं, आणि आहे ते बरंच आहे असं त्याला वाटत होतं.

गावातली लग्नं, बाप्तिस्मे आणि मयती तोच चित्रित करायचा. वडिलांच्या वेळीही त्यानेच केलं होतं. पण कॅमेरा म्हणजे कंपनीचा नोकर, ठरलेली वेळ भरली की आपणहून थांबतो. वडिलांच्या वेळी तो थांबला नेमका अखेरच्या दर्शनाला. सौदीत दम्मामला एका घरी धुणीभांडी करणाऱ्या थोरल्या बहिणीला, त्याच्या आर्सेली मनांगला, फिल्ममध्ये आधी उघडी पेटी दिसली आणि त्यानंतर एकदम थडग्याचं तोंड सिमेंटने लिंपणारा गवंडी. मधलं काहीच नाही. ते तिने भावाला कधी माफ केलं नाही. आणि याही वेळी मालकिणीने तिचा पासपोर्ट सोडला नव्हता.

म्हणून रेनांतेने कॅमेऱ्यात बाहेरचं फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारी आज्ञावली, घातलं होतं. कुठल्याशा हौशी मंडळींनी लिहिलेलं, फुकटचं. ते घातलं की कॅमेरा थांबायचं विसरतो. बॅटरीच्या जागी वायर जोडलेली डमी बॅटरी बसवली होती, आणि ती वायर पिशवीतल्या मोटारसायकलच्या बॅटरीला. कंपनीवाल्यांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण जुगाड चाललं होतं. घरातली प्रार्थना, चर्च, वाटेवरचा बँड, सगळं सलग उतरलं होतं.

मावशीच्या, तिया पासिंगच्या, हातात फोन होता. त्यावर आर्सेली ऐकत होती. आवाज आत्ता, चित्र मागाहून, असं ठरलं होतं.

आता नातवंडांना पेटीवरून पलीकडे द्यायचं होतं. आजीचा जीव त्यांच्यात अडकू नये, ती रात्री त्यांना भेटायला येऊ नये, म्हणून. एकाने या बाजूने उचलायचं, दुसऱ्याने त्या बाजूने घ्यायचं. शेवटचं पोर चांगलं गुटगुटीत होतं. तिया पासिंगने ते एका हाताने झेललं, तोल सावरायला मागे सरकली, आणि तिची चप्पल वायरीत अडकली.

लाल ठिपका गेला.

रेनांतेने वायर पुन्हा जोडली. पडदा काळाच. चित्रण उतरत असतानाच वीज तुटल्याने मेमरी कार्ड बिघडलं होतं, आणि बाहेरचं फर्मवेअर त्याच कार्डावर होतं, त्याच्याशिवाय कॅमेरा सुरू होईना. शेवट नोंदला न गेलेली फिल्म उघडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे सकाळपासूनचं सगळं गेलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिया पासिंग स्वतःला दोष देत बसली. काका म्हणाले, गवंड्याने सिमेंट कालवलंय, ते काही कुणासाठी थांबत नाही. आईच्या बोटांत गुंडाळलेली जपमाळ कापायची आणि झाकण लावायचं, एवढंच उरलं होतं. माळ कापली की घरातली मरणाची साखळी तुटते. मावशीने पोर खाली ठेवलं आणि कात्री काढली.

"काय झालं तिकडे?" फोनमधून आर्सेलीने विचारलं.

रेनांतेने फोन घेतला. "मनांग, कॅमेरा बंद पडला. सकाळपासूनचंही गेलं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तिकडे मालकिणीचं मूल रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. काकांनी आपला फोन पुढे केला, याने काढू का म्हणाले.

"फोनचं नको मला," आर्सेली म्हणाली. "तू बघितलंस का तिला?"

"पेटी घरात होती तेवढे दिवस तेच करतोय."

"कॅमेऱ्यातून?"

रेनांतेने स्टँडवरच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"मग आता नुसता बघ. आणि मला सांग."

तो स्टँड सोडून पेटीपाशी गेला. एक हात रिकामा होता, त्याचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने खाली पाहिलं.

"ओठांना रंग लावलाय," तो म्हणाला.

"शोभतोय?"

"नाही. तिने पुसून टाकला असता."

"आणखी?"

"बोटं बारीक झालीत. अंगठी सैल दिसतेय." तो थोडा वाकला. "आणि भांग..."

"भांगाचं काय?"

"उलट्या बाजूला पाडलाय, मनांग. आई डावीकडे पाडायची. सजवणाऱ्यांनी उजवीकडे पाडलाय." त्याचा आवाज फाटला. "इतके दिवस मी तिच्याकडे बघितलंच नाही गं."

आता मात्र त्याला ऊन लागलं, पायाखालचा चिखल लागला. गवंड्याने घमेल्याच्या कडेला थापी खरवडली. तिया पासिंगने कात्री उघडून माळेला लावली.

प्रेत पुरेपर्यंत घरच्यांनी केस विंचरायचे नसतात. कंगवा फिरला की दुसरं मरण दारात येतं, असं सगळेच मानत. तिया पासिंगने तर घरातले सगळे कंगवे कपाटात कोंडले होते, आणि जमलेल्या बायकांची डोकी त्याची साक्ष देत होती. रेनांतेने तिचा कात्रीचा हात धरला.

"थांब, तिया," तो म्हणाला आणि जमलेल्यांकडे वळला. "कंगवा आहे का कोणाकडे?"