शेवटचं पान

'इतका गोड शेवट कोणाला खरा वाटणार?' असं प्रकाशक म्हणाले, म्हणून कादंबरी मी स्वतःच छापली. चाळीस प्रती वाचकांना पाठवून झाल्यावर दिसलं, बाइंडिंगवाल्याकडून शेवटचं पान चिकटवायचंच राहून गेलंय. अबोला धरलेली धाकटी बहीण थोरलीच्या दाराशी येते, कडी वाजवते आणि पुस्तक संपतं. दार उघडतं ते पुढच्या पानावर.

मुकाट्याने ते पान माफीच्या चिठ्ठीसह सगळ्यांना पोस्टाने पाठवलं.

आठवड्याने कराडहून एका वाचक बाईंचं पाकीट आलं. आत माझंच पान, घडीसुद्धा न मोडलेलं. सोबत चिठ्ठी होती:

'पान न वाचताच परत पाठवतेय. तुमची ती धाकटी दारात ताटकळलेली बघवेना, म्हणून रविवारी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेले. नऊ वर्षांनी. दार तिनेच उघडलं.'