बरा झालेला पतंग

मायक्रोस्कोपखाली पतंगाच्या पिसासारख्या मिशा पाहून माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. “याच्या सगळ्या भाऊबंदांच्या मिशा दोऱ्यासारख्या असतात. नवी जात आहे गं ही!” मी भिंग बदललं. मिशांच्या बुडाशी डिंकाचा पिवळा थेंब होता. हा पतंग मला आठव्या वर्षी बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सापडला होता. मी तडक फोन लावला. “बाबा, माझ्या त्या पतंगाच्या मिशा तुम्ही चिकटवल्या होत्या?” ते हसले. “आत्ता पकडलंस होय! एक मिशी तुटली म्हणून तू जेवेनास. मग दुसऱ्या मेलेल्या पतंगाच्या लावल्या.” “दोन्ही का?” “घड्याळाला एक काटा सोनेरी, एक काळा लावतं का कुणी?” तेव्हा दुसऱ्या दिवशी मी शाळाभर सांगत सुटले होते, “माझा पतंग बरा झाला!” मॅडमनी चिमटा पुढे केला. “काढ त्या. आता पंखांवरूनच ठरवू.” मी चिमटा घेतला.

प्रसिद्ध झालेल्या वर्णनातून: मागच्या पंखावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका आहे, जवळच्या तिन्ही जातींत तो गोल असतो. पुढच्या पायांवर तांबूस केस आहेत; त्या जातींत ते नसतात. या दोन खुणांवरून ही जात नवी ठरते. नमुन्याच्या मिशा मात्र दुसऱ्या पतंगाच्या असून एका घड्याळजींनी त्या डिंकाने जोडल्या आहेत. या जातीच्या मिशा कशा असतात, हे अजून माहीत नाही. जोडलेल्या मिशा वर्णनात धरलेल्या नाहीत. नमुन्यावरून काढलेल्याही नाहीत.