भेगेला वारा

"ताण बसलेल्या वेलाला एकदम पाणी पाजू नगंस. रोज थोडं दे. न्हायतर फळ फुटंल," खुब्याचं हाड मोडलेले अण्णाप्पा ॲम्ब्युलन्समध्ये आडवे पडून सांगत होते, तेव्हा त्यांच्या सुनेला, आदितीला, हसू आलं होतं. याही वेळी यांना भोपळ्याचंच पडलंय. "बरं मामा," म्हणाली आणि विसरून गेली.

आता भोपळ्याला देठाजवळ वीतभर भेग होती.

पोरीला ताप होता म्हणून चार दिवस वेलाला पाणी मिळालं नव्हतं. पाचव्या दिवशी लाईट आल्यावर तिनं भरपाई म्हणून कॉक दुपारभर उघडा ठेवला. वेल सगळं पाणी प्यायला आणि फळात ओतून मोकळा झाला.

कोल्हापूरच्या कृषी प्रदर्शनातली सगळ्यांत जड भोपळ्याची स्पर्धा बारा दिवसांवर आली होती. भेग आतल्या पोकळीपर्यंत गेली तर भोपळा काट्यावर घेत नाहीत. आणि अण्णाप्पा त्या काट्याजवळ स्वतःच्या पायांवर उभं राहायचं म्हणून वॉकर धरून रोज दहा पावलं जास्त चालत होते.

आदितीनं भेगेतला चीक सुती फडक्यानं टिपला. बुरशीनाशकाची पावडर अण्णाप्पांच्या जुन्या दाढीच्या ब्रशनं कडांना लावली. खोपीतून वायर ओढून टेबलफॅन आणला आणि त्याचं तोंड भेगेकडे केलं. ओल राहिली की सड लागते. चार काठ्या रोवून वर बेडशीट बांधलं.

पोरगी आंब्याला बांधलेल्या झोळीत झोपली होती. आदिती दर दोन मिनिटांनी जाऊन तिच्या कपाळाला हात लावून येत होती. कुरुंदवाडचा हा मळा चारी बाजूंनी उसात बुडालेला. 'अगं बाई, फुटला की गं,' एवढं म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं. नवरा पुण्यात, कंपनीत. पाळी सुटेपर्यंत त्याचा फोन लागत नाही.

तिनं खराट्याची काडी भेगेत हळूच सरकवली. दोन बोटं आत गेली आणि अडली. पोकळी अजून लांब होती.

तेवढ्यात अण्णाप्पांचा व्हिडिओ कॉल आला. हाड बसवल्यापासून ते कोल्हापुरात मंगळवार पेठेत लेकीकडे, त्रिशलाआक्कांकडे होते. आदिती भेग पाठीमागे जाईल अशी उभी राहिली.

"कसा हाय?"

"झ्याक हाय, मामा. काल टेप लावली, इंचभर वाढलाय."

"आन् फॅन कुणाला लावलायस?"

फॅन घरघरत राहिला.

"थंडीचं दिस हायत. पोरीला वाऱ्याची झुळूक लागू देत न्हाईस तू. फुटला न्हवं?"

"व्हय."

"बी.एस्सी. झालीस, पर खोटं बोलायचं कुणी शिकवलं न्हाय बघ तुला. दाखीव."

तिनं फोन भेगेजवळ नेला. आता शिव्या बसणार म्हणून डोळे मिटले.

"काडी घातलीस?"

"दोन बोटं गेली."

"मग जगतोय की. रडतीस कशाला? फॅन बंद करू नगंस. आन् वेल सोडून कुठं जाऊ नगंस. हिकडं तर मुळीच येऊ नगंस."

त्या 'मुळीच'पाशी ती अडखळली. तिनं फोन कानाजवळ धरला. दुपारचा एक वाजत आलेला. तिकडे कुकरची शिट्टी नव्हती, टीव्ही नव्हता, आक्कांचा खणखणीत आवाज नव्हता. फोन परत डोळ्यांसमोर धरला. अण्णाप्पांच्या अंगात शनिवारच्या कॉलला होता तोच राखाडी स्वेटर होता. बटणं खालीवर लागलेली.

"आक्कांना द्या की जरा."

"देवळात गेलीया."

"दुपारी एकला?"

"तुला काय करायच्यात चौकश्या? भोपळा बघ."

फोन कट झाला.

आक्कांचा फोन चौथ्या खेपेला लागला. मागे रेल्वेचा खडखडाट.

"अगं, आम्ही परवाच निघालोय शिखरजीच्या यात्रेला. मी तर तिकीट रद्दच करणार होते. आप्पाच म्हणाले, आदिती पोरीला घेऊन ऱ्हायला येणार हाय, तुम्ही बिनघोर जावा." आक्का थांबल्या. "म्हंजे? तू घरात न्हाईस?"

रेंज गेली.

आदितीनं अण्णाप्पांना फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच.

तिनं पोरीला झोळीतून उचललं, शालीत गुंडाळलं. तापानंतर आज पहिल्यांदाच तिला मळ्याबाहेर काढत होती. कानटोपी दोनदा ओढून बघितली. फॅन तसाच चालू ठेवला. बेडशीटची एक गाठ सुटून कापड भोपळ्यावर लोळत होतं. ते बघूनही ती थांबली नाही.

बांधावरून एसटीच्या थांब्याकडे चालता चालता तिनं गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. लग्न होऊन आल्यापासून त्यात तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. पोरीला खांद्यावर टाकून ती एका अंगठ्यानं लिहू लागली:

"हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कोल्हापुरात मंगळवार पेठेत असाल, तर कृपा करून माझ्या सासऱ्यांना, अण्णाप्पांना, बघून या. पिठाच्या गिरणीमागची गल्ली, तळमजला, हिरवं दार. मी निघालेय, पण पोचायला दोन तास लागतील. दार वाजवत राहा, त्यांना उठायला वेळ लागतो. 'मला काय लागत न्हाय' म्हणतील. तरी आत जा."